शहापूर-मुरबाडची उन्हातली शर्यत



वसंत व्याख्यानमालेत उभे राहिल्यावर कोकिळा आणि आम्रमोहर यांना नमस्कार करून मग विषयाकडे वळावे, अशी एक जुनी चाल आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून किती वक्त्यांनी तो नमस्कार केला असेल याची मोजदाद नाही. श्रोते मात्र तेव्हाही हातातल्या कागदाने वारा घेत बसले असतील, आणि आजही आपण तेच करीत आहात. म्हणून मी वसंताच्या त्या दुसऱ्या अंगाविषयी, म्हणजे घामाविषयी, बोलावयाचे ठरविले आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या चढउतारांवर, चैत्रातल्या एखाद्या तापल्या दिवशी, माणसाने आधी पोहावे, मग ओल्या अंगाने सायकलीवर बसावे आणि सायकल टाकून धावत सुटावे, असा हा प्रकार आहे. हे कोणी कशासाठी करावे, असे आपल्या चेहऱ्यांवर मला दिसते आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र थोड्या वळणाने द्यावे लागेल.

या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. शब्द ग्रीक वळणाचा. ‘तीन स्पर्धा’ एवढाच त्याचा अर्थ. कोणी ‘त्रिक्रीडा’ असे भाषांतर करील; पण क्रिकेटला आपण क्रिकेटच राहू दिले, तसे यालाही राहू द्यावे. याचा जो आखूड आणि लोकप्रिय प्रकार, त्यात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक शर्यतीला याच्या बरोबर दुप्पट अंतर असते. नियमांत एक गंमत आहे. घड्याळ एकदा सुरू झाले की मध्ये थांबत नाही. टॉवेलने पाय पुसण्याचा वेळ, बुटाच्या नाड्या बांधण्याचा वेळ, हेल्मेटचा पट्टा सापडत नाही म्हणून चडफडण्याचा वेळ, सारा हिशेबात धरला जातो. कपडे बदलण्यात माणसाचा किती वेळ जातो, हे या खेळाइतके स्पष्टपणे दुसरा कोणताही खेळ सांगत नाही.

आज ज्या रूपात आपण हा खेळ ओळखतो, त्याचा जन्म अमेरिकेत सॅन डिएगो येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी झाला. तेथल्या एका धावपटू मंडळाने संध्याकाळची करमणूक म्हणून ही शर्यत ठेवली होती आणि तिला ४६ माणसे आली. पुढे १९७८ साली हवाई बेटांवर पंधरा जणांनी तिचे राक्षसी रूप उभे केले: सुमारे पावणेचार किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर एक पूर्ण मॅरॅथॉन. बारा जण शेवटपर्यंत पोहोचले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. आपल्याकडे, गोव्यात, २०१९ च्या ऑक्टोबरात अर्ध्या अंतराची ‘आयर्नमॅन’ शर्यत पहिल्यांदा झाली आणि ती आपल्या सैन्यदलातल्या बिश्वरजित सैखोम या मणिपुरी जवानाने जिंकली. त्याच्या चार वर्षे आधी, २०१५ साली, मिलिंद सोमणांनी पन्नाशीला काही महिने उरले असताना झुरिकची पूर्ण शर्यत १५ तास १९ मिनिटांत पुरी केली, तेव्हा मराठी घरांतून या खेळाचे नाव प्रथम ऐकू आले असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु लांब पल्ल्याची आणि दमाची परीक्षा आपल्याला परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासामन्यांत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि ही मुले ऑलिंपिकला गेली पाहिजेत असे त्यांच्या मनाने घेतले. पुढच्याच वर्षी अँटवर्पला जो चमू गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते आणि साताऱ्याचे सदाशिव दातार होते. चौगुल्यांनी मॅरॅथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. मुंबई-पुणे सायकल शर्यत तर आपल्यापैकी कित्येकांनी खोपोलीच्या वळणावर उभे राहून पाहिली असेल. तीत पुण्याला पहिला येणाऱ्याचे कौतुक होतेच; पण बोरघाट पहिला चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात आणि त्याचे कौतुक काकणभर अधिकच होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना चढाची किंमत कळते ती अशी.

आता या दोन तालुक्यांकडे या. उत्तरेला कसाऱ्याचा थळघाट, पूर्वेला आजोबाचा आणि सिद्धगडाचा डोंगर, त्याच रांगेत माळशेज आणि नाणेघाट, आणि आसनगाव स्टेशनात उतरले की समोर माहुलीचे सुळके. मधला प्रदेश नकाशावर सपाट वाटतो. पण सायकलीवर बसणाऱ्याला तो सपाट वाटत नाही. शहापुराहून किन्हवलीकडे किंवा सरळगावहून टोकावड्याकडे जाणारा रस्ता सारखा उठतो आणि बसतो. घाटासारखा एकच लांब चढ असता तर मनाची एकदाच तयारी करता आली असती. येथे प्रत्येक ओढ्याला उतार आहे आणि प्रत्येक उताराला व्याजासकट चढ आहे.

आणि ऊन! मुंबईच्या हवामानाच्या बातम्या ऐकून येथल्या उन्हाचा अंदाज करणारा फसतो. समुद्रापासून हा मुलूख पन्नासएक किलोमीटर आत आहे. दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा मुंबईला वाचवितो. तो येथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि ज्या दिवशी जमिनीवरून पूर्वेचा वारा जोरात असतो त्या दिवशी तो धड पोहोचतही नाही. बरे, हा पूर्वेचा वारा देशावरून सह्याद्री उतरून येतो. हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने तापते. घाट चढताना माणूस तापतो आणि घाट उतरताना वारा तापतो. दोघांची गाठ पडते ती मुरबाडात. मार्च-एप्रिलमध्ये मुंबई पस्तिशीत असताना मुरबाड, बदलापूर, कर्जत या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्याचे कारण हे.

सावली म्हणावी तर तीही याच दिवसांत रजेवर जाते. येथले रान सागाचे, ऐनाचे, पळसाचे. साग फाल्गुनात पाने टाकतो तो पावसाच्या तोंडावर पुन्हा पालवतो. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल असूनही अंगावर काठ्यांची जाळीदार सावली तेवढी पडते. एखादे आंब्याचे किंवा जांभळाचे झाड लागले की सायकलस्वार त्याच्याकडे ज्या दृष्टीने पाहतो, त्या दृष्टीने आपले कवी झाडांकडे क्वचितच पाहत असतील.

उन्हात चढ चढणे जड जाते हे सांगावयास व्याख्यान लागत नाही. पण ते का जड जाते, हे समजून घेण्यासारखे आहे, आणि त्यातच या साऱ्या विषयाचे मर्म आहे. आपले स्नायू हे फार उधळे यंत्र आहे. खाल्लेल्या अन्नातून मिळालेल्या शक्तीपैकी पाव हिस्सा, किंवा त्याहूनही कमी, कामी लागतो. उरलेली उष्णता होते. सत्तर किलोचा माणूस दहा किलोची सायकल घेऊन शंभर मीटर उंची चढला, तर त्याच्या अंगात सुमारे छप्पन्न किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती बाहेर टाकावयाची असेल तर जवळजवळ शंभर ग्रॅम घाम वाळावा लागतो; म्हणजे अर्धे फुलपात्र. ‘वाळावा’ या शब्दाकडे लक्ष द्या. जो घाम नाकाच्या शेंड्यावरून रस्त्यावर टपकतो, तो फुकट गेला. त्याने शरीर गार होत नाही. शरीर गार होते ते त्वचेवर वाळलेल्या घामानेच.

आणि वाळावयास वारा लागतो. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाणारा सायकलस्वार आपला वारा आपणच निर्माण करतो. त्याला उन्हाचा त्रास उभ्या असलेल्या प्रेक्षकाइतकाही होत नाही. चढाला मात्र वेग आठ-दहावर येतो. ज्या क्षणी अंगात उष्णता सर्वांत जास्त तयार होत असते, नेमका त्याच क्षणी वारा मरतो. त्यातून वारा पाठीमागून असला तर माणूस स्वतःच्याच वाफेत शिजतो. उताराला याच्या उलट: काम काही नाही आणि वारा भरपूर. म्हणून चढउताराच्या रस्त्यावरची उन्हातली शर्यत ही सपाट रस्त्यावरच्या शर्यतीची थोडी अवघड आवृत्ती नव्हे; ती वेगळीच वस्तू आहे. शहाणा स्वार चढावर स्वतःला आवरतो आणि माथा ओलांडल्यावर जोर लावतो. तरुण मुले बरोबर उलटे करतात, कारण चढावर प्रेक्षक असतात.

मी स्वतः या भागात काही उन्हाळे ही शर्यत केली आहे. ती कोणत्या मोठ्या संस्थेची नव्हे. पंधरा-वीस हौशी मंडळींनी आपसांत आखलेली. धरणाच्या पाण्यात पोहण्याची सोय नाही आणि असूही नये, ते लोकांच्या पिण्याचे पाणी आहे. तेव्हा शहापूरच्या बाजूच्या एका शेतघराचा पंचवीस मीटरचा तलाव, त्यात तीस फेऱ्या. पाणी गार असते अशी आपली समजूत असते. एप्रिलमध्ये आठवडाभर तापलेला उघडा तलाव हा कोमट काढ्यासारखा असतो. पाण्यात घामाला वाळावयास जागाच नाही. त्यामुळे पोहणारा बाहेर येतो तो ताजातवाना होऊन नव्हे, अर्धा तापूनच. त्यानंतर सायकल, आमच्या रस्त्यावर चढांची एकूण बेरीज अडीचशे मीटरच्या आसपास भरत असे. मोहाची फुले वेचणारी मुले पाट्या खाली ठेवून आमच्याकडे पाहत आणि ‘कुठे निघालात?’ असे विचारीत. ‘कुठे नाही, परत इथेच,’ हे उत्तर त्यांना कधीच पटले नाही. मलाही ते उत्तर देताना दर वेळी थोडे कानकोंडे होत असे.

सायकलीवरून उतरून धावू लागल्यावर पहिले अर्धे किलोमीटर पाय आपले नसतात. गुडघे गोल फिरण्याला सोकावलेले असतात आणि त्यांना सरळ टाकावयास शिकवावे लागते. याचा सराव म्हणून खेळाडू सायकल आणि धावणे लागोपाठ करतात, आणि त्या सरावाला इंग्रजीत ‘ब्रिक’, म्हणजे वीट, म्हणतात. हे नाव मी प्रथम ऐकले तेव्हा मला आपल्या भागातल्या वीटभट्ट्या आठवल्या. भिवंडी, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात दिवाळीनंतर भट्ट्या लागतात. कातकरी कुटुंबेच्या कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तेथे राबतात. मध्यरात्री उठून चिखल मळतात आणि विटा थापतात, कारण दुपारी ते अंगाला सोसत नाही. आम्ही ज्या गोष्टीला ‘वीट’ म्हणून हौसेने करतो आणि घड्याळात मोजतो, ती ते पोटासाठी करतात, आणि तिथे घड्याळ कोणी धरीत नाही. ही तुलना ओढून आणलेली वाटेल, पण ती एकदा डोक्यात शिरली की बाहेर जात नाही.

आता धोक्याविषयी. शर्यतीतील उष्माघात ही दुबळ्या माणसाला होणारी गोष्ट आहे, असा एक गैरसमज आहे. इतिहास उलट सांगतो. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री पहिला येऊन मैदानात शिरला, उलट्या दिशेने वळला, पुनःपुन्हा पडला. अधिकाऱ्यांनी त्याला उचलून रेषेपलीकडे नेले आणि त्याच कारणासाठी तो बाद ठरला. चार वर्षांनी स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरॅथॉनमध्ये कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखा लेप लावला होता असे सांगतात. म्हणजे ज्या दाराने उष्णता बाहेर जावयाची, ते दारच बंद केले होते. १९८२ साली हवाईच्या शर्यतीत ज्यूली मॉस ही मुलगी रेषेच्या काही पावले अलीकडे कोसळली आणि रांगत रांगत दुसरी आली. ते चित्र दूरदर्शनवर पाहून हजारो लोक या खेळाकडे वळले. मला त्या कौतुकाचा कधीच उमज पडलेला नाही. रांगणाऱ्या माणसाला टाळ्यांची गरज नसते, पाण्याची असते. २०१६ साली मेक्सिकोत कोझुमेल येथे जॉनाथन ब्राऊनली, जगातल्या पहिल्या दोन-तीनांतला खेळाडू, शेवटच्या काहीशे मीटरांत दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला. त्याच्या थोरल्या भावाने, अ‍ॅलिस्टरने, स्वतःची जिंकण्याची संधी सोडून त्याला खांद्याला धरून नेले आणि रेषेपाशी त्याला आपल्या पुढे ढकलले. शर्यत तिसऱ्याच कोणी जिंकली.

हे सारे कसलेले गडी. उष्माघात दुबळेपणाने होतो त्याहून अधिक ईर्ष्येने होतो. आणि म्हणूनच आखूड शर्यत लांब शर्यतीपेक्षा या बाबतीत कमी धोक्याची नाही. लांब अंतरात माणूस आपोआप हळू जातो. आखूड अंतरात ‘आता थोडेच राहिले’ म्हणून जीव तोडून पळतो. अमेरिकेत फालमथ या गावी ऑगस्टात अवघ्या सात मैलांची शर्यत होते. अठरा वर्षांत तेथे २७४ जणांना उष्माघात झाला. पण त्या २७४ पैकी एकही दगावला नाही, कारण तेथे शेवटच्या रेषेपाशी बर्फाच्या पाण्याची टबे भरून ठेवलेली असतात आणि रुग्णाला आधी त्यांत बुडवितात, मग इस्पितळाकडे नेतात. आधी गार करणे, मग हलविणे: हा क्रम उलटला की माणूस वाटेत जातो. शरीराचे तापमान चाळिशीपलीकडे गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत खाली आणता आले तर धोका पुष्कळसा टळतो. आणि आपल्याकडे? १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर एका पुरस्काराच्या समारंभाला लाखो लोक जमले होते. ते धावत नव्हते, सायकल मारीत नव्हते, बसले होते. उष्माघाताने चौदा जण गेले. खारघर मुरबाडपेक्षा समुद्राला कितीतरी जवळ आहे.

आमच्या एका शर्यतीत घडलेला प्रसंग सांगतो. धावण्याचा शेवटचा चढ होता. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. माझ्या पुढे धावणारा एक मित्र, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तब्येतीने उत्तम, रस्त्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाऊ लागला. मी गाठून विचारले, ‘काय रे, किती राहिले?’ त्याने उत्तर दिले, ‘डोंबिवली.’ तेवढ्याने मी समजलो. त्याला धरून एका आंब्याखाली बसविले. समोरून एक ठाकर बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन येत होती. मागे कळशी घेऊन तिची मुलगी. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले, वरचा हंडा उतरविला आणि एक शब्द न बोलता सबंध हंडा त्याच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर थोडाथोडा करून रिता केला. मुलगी माझ्या टोपीने वारा घालीत होती. पाण्यापेक्षा ओल्या अंगावरच्या वाऱ्याने गुण येतो, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या बाईंना ते कोणी सांगितले असेल मला माहीत नाही. दहा-बारा मिनिटांनी त्याने विचारले, ‘माझी सायकल कुठे आहे?’ मग मोटार आली, त्याला शहापूरला नेले, आणि तो संध्याकाळी घरी गेला.

मागून आलेल्या एका सोबत्याने पाकीट काढले. बाई म्हणाल्या, ‘पैसं घेऊन काय करू, दादा? हंडा भरून आना.’

तेव्हा हंडा घेऊन मी आणि तो सोबती असे दोघे त्या मुलीबरोबर विहिरीवर गेलो. वीस मिनिटांची वाट. विहिरीच्या तळाला झऱ्याचे पाणी साचे तेवढेच. पुढे पाच बायका बसलेल्या, प्रत्येकीने वाटीने पाणी ओढून भांडे भरावयाचे. आमचा क्रम आला तेव्हा अर्धा तास झाला होता. परतीची वाट चढाची, आणि डोक्यावर हंडा घेण्याची विद्या आम्हांला येत नसल्यामुळे तो दोघांनी कड्यांना धरून, पाणी हिंदकळवीत, आणला. एकूण एक तास दहा मिनिटे. त्याच दिवशी वीस किलोमीटर सायकलीला मला सत्तेचाळीस मिनिटे लागली होती. त्या बाई उन्हाळाभर अशा दिवसाला तीन खेपा करीत होत्या.

मंडळी, हा तालुका कोणता? १८९२ साली बांधलेला तानसा येथला. नानासाहेब मोडकांच्या नावाचा मोडकसागर येथला. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे ज्या भातसा धरणातून जाते तेही येथलेच. धरणांचा तालुका म्हणूनच त्याची ओळख आहे, आणि दर उन्हाळ्यात त्याच्याच वाड्या-पाड्यांवर टँकर फिरतात. मी स्वतः मुंबईच्या नळाचे पाणी अनेक वर्षे प्यालो आहे, तेव्हा आवाज चढवून बोलण्याचा मला अधिकार नाही. पण शर्यतीची सूचना लिहिताना ‘ठिकठिकाणी पाण्याची सोय केली जाईल’ हे वाक्य आपण किती सहज लिहितो! ते पाणी कोठून यावयाचे, हा प्रश्न या भागात खेळाच्या बाहेरचा नाही.

माझे काही तरुण मित्र म्हणतात, उन्हाला भ्यावयाचे तर खेळावयाचेच कशाला? ऊन हाच तर खरा प्रतिस्पर्धी. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. शरीर उन्हाला शिकते, आणि आश्चर्य वाटावे इतक्या लवकर शिकते. रोज तास-दीड तास उन्हात बेताने श्रम केले तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, त्यातले मीठ कमी होते आणि नाडी शांत राहते. शेतावरच्या माणसाचे शरीर हे शिकलेले असते. पंख्याखाली बसणाऱ्याचे नसते. शनिवारपर्यंत वातानुकूलित कचेरीत बसून रविवारी मुरबाडच्या चढावर पराक्रम गाजवावयास निघालेला माणूस हा धाडसी नव्हे, अडाणी आहे. तेव्हा ऊन हा प्रतिस्पर्धी मानावयाचा तर त्याच्याशी आधी पंधरा दिवस ओळख करून घ्यावी, एवढा शिष्टाचार पाळला पाहिजे.

दुसरे, ऊन मोजावे. नुसत्या पाऱ्याने ते मोजता येत नाही. अमेरिकेच्या सैन्यात कवाईत करताना रंगरूट मरू लागले, तेव्हा १९५० नंतरच्या दशकात तेथे एक युक्ती निघाली: एक पारा ओल्या फडक्यात, एक काळ्या गोळ्यात, एक साधा सावलीतला. तिघांची बेरीज करताना ओल्याला दहांत सात भाग, काळ्याला दोन आणि साध्याला एक. ओल्या फडक्याला एवढा मान का, हे आता आपल्या लक्षात आलेच असेल. घाम वाळेल की नाही हे तेच सांगते. हा आकडा बत्तिशीपलीकडे गेला की शर्यत आखूड करावी किंवा बंद ठेवावी, असा जागतिक संघटनेचाही सल्ला आहे. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ च्या उन्हाळ्यात झाले, तेव्हा ट्रायथलॉन सकाळी साडेसहाला सुरू केली आणि मॅरॅथॉन तर उचलून उत्तरेला सप्पोरोला नेली. जपान्यांना भित्रे कोणी म्हटले नाही.

माझे मत विचाराल तर शहापूर-मुरबाडला ही शर्यत मार्गशीर्षात किंवा पौषात व्हावी. म्हसाच्या यात्रेला घोंगड्या विकत घ्यावयास लोक येतात ते दिवस. ओढ्यांना पाणी असते, सागाला पाने असतात, आणि पाहुण्याने यजमानाच्या घरचे पाणी संपविल्याचा बोल येत नाही. त्यात एक गोष्ट आवर्जून असावी. किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे येथल्या शाळांतल्या मुलामुलींना प्रवेशफीशिवाय भाग घेता यावा, आणि सायकली आपण पुरवाव्यात. कसाऱ्याचा घाट ओलांडला की नाशिक जिल्ह्यात सावरपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. तेथली कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली. तशा मुली घाटाच्या अलीकडे नाहीत असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही. त्यांना पोहण्याचे काय, असा प्रश्न निघेल. पावसाळ्यात काळूच्या आणि शाईच्या डोहात उड्या मारणाऱ्या पोरांना पोहणे आपण काय शिकविणार? फक्त श्वास बाजूला मान वळवून घ्यावा, एवढे सांगावे लागेल.

आणि एवढे सांगूनही ज्यांना चैत्रातच हौस पुरवावयाची आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून मी आपली रजा घेतो. सुरुवात पहाटे पावणेसहाला करावी. सूर्य आजोबाच्या डोंगरामागून वर येईपर्यंत पोहणे उरकलेले असावे आणि आठाच्या आत शेवटचा माणूस रेषेवर असावा. पाण्याचा आणि बर्फाचा एकूण एक थेंब आपल्या गाडीतून आणावा आणि उरलेला तेथेच पाड्यावर उतरवून यावा. भसाभस पाणी पिऊ नये; तहानेपुरते प्यावे, कारण नुसत्या पाण्याने रक्तातले मीठ पातळ होऊनही माणसे दगावली आहेत. बर्फाची पेटी शेवटच्या रेषेपाशी एक आणि शेवटच्या चढाच्या माथ्यावर एक, अशा दोन असाव्यात. आणि त्या चढावर एक जाणता माणूस उभा करून ठेवावा. त्याने धावणाऱ्या प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारावा, आणि उत्तर ‘डोंबिवली’ असे आले, तर त्याला तेथेच सावलीत बसवावे.